दीड दिवसाचा मधुमेह

एका शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी एक एवढ्या वेळात आमच्या अख्ख्या गावाला मधुमेह झाला.

अख्ख्या म्हणजे अख्ख्याच! सरपंच, तलाठी, तालमीतले पैलवान, माहेरपणाला आलेल्या लेकी, कुणीच सुटलं नाही. जत भागातून मेंढरं घेऊन आलेला बिराप्पा आमच्या मोकळ्या रानात उतरला होता. त्या माणसानं जन्मात भाकरी आणि दुधापलीकडं काही खाल्लं नव्हतं, त्यालाही झाला. (मेंढरांची तपासणी केली नाही, नाहीतर तीही सुटली नसती.) आणि हे सगळं माझ्यामुळं झालं. म्हणजे तपासणी माझ्यामुळं झाली असं मला म्हणायचं होतं, पण खरं सांगायचं तर मधुमेहसुद्धा माझ्याचमुळं झाला.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत मास्तर. वय चोवीस, उत्साह दांडगा. गावात डॉक्टर नव्हता. कराडला जायचं तर नावेनं नदी ओलांडायची, पलीकडं यष्टीची वाट बघत बसायचं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस एकतर आपोआप बरा व्हायचा, नाहीतर त्याला न्यायचं कारणच उरायचं नाही. अशात सांगलीच्या एका धर्मादाय मंडळाचं पत्र शाळेत आलं. हृदयाची आणि मधुमेहाची मोफत तपासणी, डॉक्टर जीप घेऊन गावात येणार, दोन दिवस शाळेत बसणार. मी उलट टपाली ‘या’ म्हणून कळवलं, आणि दिवस निवडले शनिवार-रविवार.

रविवारी आमच्या शकूचा साखरपुडा होता. शकू माझी धाकटी बहीण. मुलगा तासगावकडचा, विलास नावाचा, फौजेत शिपाई. त्याची रजा मंगळवारी संपत होती आणि पुढची रजा वर्षानं मिळणार होती. रविवारचा मुहूर्त चुकला तर वर्षभर थांबायचं, आणि वर्षभरात कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. शकूनं त्याला दाखवण्याच्या कार्यक्रमात एकदाच बघितलं होतं, पण तेव्हापासून ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. (भाकरी करपायलाही तेव्हापासूनच लागल्या.) आई म्हणाली, घरात कार्य असताना हा डॉक्टरचा घोळ कशाला? मी म्हणालो, उलट बरं, पावण्यांवर गावाची छाप पडेल. छाप पडली.

पत्रात एक सूचना होती. प्रत्येकानं सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीतून आणावी. लघवीला गावात तोटा नव्हता, बाटल्यांना होता. ज्याच्या घरी बाटली होती त्यात रॉकेल होतं. आमच्याकडं मात्र गुऱ्हाळ असल्यामुळं माडीवर साठ-सत्तर बाटल्या पडलेल्या असायच्या. त्या मी काढल्या. आई शकूच्या कार्याच्या गडबडीत, वडील म्हणजे आबा मांडवाच्या मागं, तेव्हा धुण्याचं काम मी स्वतःच केलं. एक बादली पाणी घेतलं, सगळ्या बाटल्या त्यात एकेक करून बुडवल्या, बाहेर काढल्या आणि उन्हात पालथ्या घातल्या. मग खळीनं नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि घरोघर वाटत फिरलो.

वाटताना प्रत्येक दारात माझं भाषण व्हायचं. लाजायचं कशाला? शरीर आहे, शरीराचा धर्म आहे, शास्त्रापुढं लाज कसली? गंगाराम तात्या म्हणून आमच्या शेजारचे एक म्हातारे होते. ते म्हणाले, बाकी सगळं खरं, पण बाटलीवर नाव कशाला लिहितोस, कुणी वाचलं तर? त्यांना मी पाऊण तास समजावलं. शेवटी ते जेवायची वेळ झाली म्हणून तयार झाले.

शनिवारी पहाटे माझी बाटली घेऊन मी गोठ्यामागं गेलो. बाटलीवर माझ्याच वळणदार अक्षरात ‘सदाशिव गुरुजी’ असं लिहिलेलं. आणि एकाएकी डोळ्यांपुढं आलं, की ही बाटली शाळेच्या टेबलावर उभी राहणार. माझ्याच शाळेच्या! समोर माझ्या विद्यार्थ्यांच्या आया बसणार. उद्या फळ्यावर बेरीज लिहायला पाठ फिरवली की काय बोलतील? मी विहिरीवर गेलो आणि बाटलीत पाणी भरलं. लघवीसारखं दिसेल का अशी धाकधूक होती, पण पाण्याला आपोआप हलकासा पिवळा रंग आला. म्हटलं, देवाच्याच मनात आहे. रंग कुठून आला हा प्रश्न मास्तर असूनही मला पडला नाही.

नऊ वाजता जीप आली. डॉक्टर पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे, अतिशय सौम्य गृहस्थ. बरोबर एक कंपाउंडर आणि एक ड्रायव्हर. आधी हृदयाची तपासणी सुरू झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून श्वास घ्या म्हटलं, की आमची माणसं श्वास घ्यायची आणि सोडायचीच नाहीत. सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. दोघंजण काळेनिळे झाल्यावर ते सांगायचं काम माझ्याकडं आलं.

तोवर ओसरीवर मांडलेल्या बाटल्यांना मुंग्या लागल्या होत्या. कंपाउंडरनं डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग स्पिरिटचा दिवा पेटला, काचेची नळी आली, तिच्यात निळं औषध आलं. डॉक्टरांनी गावाला समजावलं, की ह्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं झालं तर थोडी साखर, आणि विटेसारखं लाल झालं तर बरीच.

पहिली बाटली मानाप्रमाणं सरपंचांची. लाल. सरपंचांनी आजूबाजूला असं बघितलं, की जणू निवडणुकीतच पडले. दुसरी तलाठ्याची, लाल. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्या लाल. आमचे आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, रोज पाच मैल चालणारे. ते नाव पुकारल्यावर ताठ उभे राहिले, आणि रंग बघून हळूच खाली बसले. आईची लाल. शकूची लाल. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, औषधच बिघडलेलं दिसतंय. खात्री करायला त्यांनी ड्रायव्हरला उरलेल्यातली एक रिकामी बाटली देऊन मागं पाठवलं. त्याचीही लाल! ड्रायव्हर पायरीवर बसला आणि घरी दोन लहान लेकरं आहेत म्हणून सांगायला लागला.

मग डॉक्टर स्वतः उठले. निमूटपणे एक बाटली घेऊन मागं गेले, परत आले, स्वतःच्या हातानं नळी तापवली. लाल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नळीकडं परत बघितलं. समोर आईनं पाठवलेला चहा होता. तो त्यांनी अलगद बाजूला सारला.

“गेले काही महिने तहान जरा जास्त लागतेच,” ते स्वतःशीच म्हणाले.

सगळ्यात शेवटी माझी बाटली होती. मी निवांत होतो, कारण विहिरीच्या पाण्याला काय होणार? कंपाउंडरनं थेंब टाकले, नळी तापवली. विटकरी लाल!

“गुरुजी, तुम्हालाही आहे,” डॉक्टर हळहळून म्हणाले, “आणि तुम्ही तर इतके तरुण.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघितली आणि हृदयही धडधडतंय म्हणून लिहून घेतलं. त्या दुपारी कुणाचं हृदय धडधडत नव्हतं ते दाखवा! सगळ्यांच्या कागदावर रक्तदाब वाढलेला, बिराप्पाचा तर कंपाउंडरनं दोनदा मोजला. जाताना डॉक्टरांनी साखर, गूळ, भात, बटाटा सगळं बंद करायला सांगितलं, उद्या पुन्हा येतो म्हणाले, आणि जीपमध्ये बसता बसता आणखी एक वाक्य टाकून गेले. हा आजार घराण्यात चालत येतो.

ह्या वाक्यानं आमच्या घरात सुतक पडलं. आई साखरपुड्याच्या साखरेचं पोतं फडताळात ढकलून त्याच्यावर गोधडी टाकून बसली. साखरेच्या आजाराच्या घरात साखर कशी वाटायची, आणि साखरपुड्याला साखर नाही वाटायची तर काय, ज्वारी वाटायची का, असं ती आबांना विचारत होती. शकू चुलीपुढं बसली होती, गुणगुणत नव्हती, आणि त्या संध्याकाळी एकही भाकरी करपली नाही. ते बघून मला फार वाईट वाटलं.

माझ्या डोक्याचा तर भुगा झाला होता. लाल झालं ते पाणी. म्हणजे मला मधुमेह नाही. मग विहिरीला आहे? विहिरीच्या चहूबाजूंनी ऊस. उसाच्या मुळांतून गोडी झिरपत असेल? मी विहिरीवर जाऊन दोन ओंजळी पाणी पिऊन बघितलं. गोड लागलं. मग आठवलं, की लहानपणापासून ह्या पाण्याला मी गोडच म्हणत आलोय. मग वाटलं, की विहिरीचं पाणी सगळं गाव पितं, म्हणून सगळ्या गावाला झालं. पण डॉक्टर तर सांगलीचं पाणी पितात! इथं येऊन गाडी अडायची. ह्यातून वाट काढायची तर डॉक्टरांना ‘ते पाणी होतं’ एवढंच सांगायला हवं होतं. पण ते कोणत्या तोंडानं सांगणार? गावभर भाषणं कुणी दिली होती? मी ठरवलं, की गप्प बसायचं. शास्त्र आपलं आपण शोधून काढील.

रविवारी अकराला पावणे मंडळी आली. ती नदीपलीकडं यष्टीतून उतरून नावेत बसली, आणि नाव वल्हवत होता आमचा गणू नावाडी. गणूला आदल्या दिवशीच मधुमेह झालेला. नदीच्या मध्यावर त्यानं पावण्यांना सगळी हकिगत सांगितली, कुणाच्या नळीचा रंग किती लाल होता इथपर्यंत. मुलाचे मामा कारभारी माणूस, मोठ्या मिशांचे, अंगात काळा कोट. ते आमच्या दारात आले, पाय धुतले, पण मांडवात बसले नाहीत.

“आवं हवालदार, राग मानू नगा,” ते आबांना म्हणाले. “पोरगी आमच्या पसंतीची हाय. पन घराण्याचा आजार म्हंजी... पुढच्या रजेला बघू आपन. एक वरीस काय कवाबी जातंय.”

आबांनी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती, ती तेव्हा घातली. मुलगा कोपऱ्यात उभा होता, इस्त्रीच्या कपड्यात. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मामांपुढं त्या घरात कुणी बोलत नसावं. मी आत गेलो. शकू हिरवं लुगडं नेसून भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

“दादा, त्यांची रजा मंगळवारी संपतीया,” ती म्हणाली.

एवढंच. पुढं मला राहवेना. मी मामांचा हात धरला आणि शाळेकडं निघालो. मामांमागं आबा, आबांमागं आई, त्यांच्यामागं भटजी, आणि काय चाललंय ते कळावं म्हणून उरलेलं गाव. डॉक्टर नुकतेच येऊन बिनसाखरेचा चहा पीत बसले होते. त्यांचा चेहरा एका रात्रीत उतरला होता. मी ओसरीवर चढलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की काल माझ्या बाटलीत जे होतं ते विहिरीचं पाणी होतं.

मग गंगाराम तात्या काठीवर रेलून पुढं आले.

“आन मला पाऊन तास कशाबद्दल सांगत हुतास रं तू?”

तोवर डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले होते. त्यांनी विहिरीचं पाणी मागवलं, थेट नळीत घातलं आणि तापवलं. निळं! तेच पाणी मी धुतलेल्या, उरलेल्या एका बाटलीत घालून हलवलं, मग तापवलं. लाल! त्यांनी बाटली उन्हात धरली, नाकाशी नेली, आणि ह्यात आधी काय होतं म्हणून विचारलं.

“काकवी,” आई म्हणाली. “दुसरं काय असतंय गुऱ्हाळात?”

काकवी म्हणजे उसाचा रस आटताना मध्येच काढून घेतलेला पातळ गूळ. आणि तसल्या साठ-सत्तर बाटल्या मी एकाच बादलीत बुडवल्या होत्या. म्हणजे पहिली बाटली पाण्यानं धुतली गेली असेल, शेवटच्या मात्र सरबतानंच! कुणी धुतल्या हे डॉक्टरांनी विचारलं, आणि सगळ्या गावाची मान एकदम माझ्याकडं वळली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि आईला म्हणाले, “आक्का, एक चहा द्या. साखर तीन चमचे.”

मला वाटलं, सुटलो. पण मामा कारभारी माणूस. गावाचं नंतर बघा म्हणाले, आधी नवरीच्या घराचा सोक्षमोक्ष लावा, आजच्या आज, माझ्यासमोर. मग आईनं स्वतः चार बाटल्या राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, तोवर भटजी पंचांग उघडून बसले. मुहूर्त पाऊण वाजेपर्यंत होता. आबांची निळी. आईची निळी. शकूची निळीशार! मुलगा पहिल्यांदाच हसला. मी हात झटकून मांडवाकडं निघालो, तर मामांनी खांद्यावर हात ठेवला.

“गुरुजी, तुमची ऱ्हायली.”

मी म्हणालो, लग्न शकूचं आहे. मामा म्हणाले, आजार घराण्याचा हाय, आणि घरातला एक गडी राहिला तर तपास पुरा कसा? शिवाय ह्या गड्यानं एकदा पाणी दिलेलं आहे, तेव्हा ह्या वेळी मी सोबत येणार.

शाळेमागं चिंचेखाली मी बाटली घेऊन उभा राहिलो. दहा पावलांवर मामा, माझ्याकडं पाठ करून, पण कान देऊन. भिंतीपलीकडं दोन्हीकडचे पावणे आणि सगळं गाव. सकाळपासून तीन तांबे पाणी प्यालो असेन, पण एक थेंब येईल तर शपथ! दहा मिनिटं गेली. भटजींनी वेळ ओरडून सांगितली. भिंतीवरून एक तांब्या आला, तो मी रिकामा केला. मग दुसरा आला. आबांनी फौजी आवाजात सावधान-विश्राम करून बघ म्हणून सुचवलं. तालमीतल्या कुणीतरी बैठका मारायला सांगितल्या. बायकांच्या बाजूनं सूचना आली, की लहान लेकरांना करतात तशी शीळ घालावी. मामांना ते पटलं. एवढा मोठा मिशांचा माणूस, काळ्या कोटातला, चिंचेखाली उभा राहून माझ्यासाठी मन लावून ‘शूऽऽ’ करत होता. मला शास्त्राचा, डॉक्टरांचा, त्या पत्राचा आणि स्वतःच्या शुद्ध मराठीतल्या भाषणांचा मनापासून संताप आला. आणि ह्यात मुहूर्त गेला तर शकूचं वर्ष माझ्या एका अवयवापायी जाणार, ह्या विचारानं तो अवयव आणखीनच आखडला.

साडेबाराला गंगाराम तात्या भिंतीपाशी आले. त्यांनी फक्त एक भरली कळशी वर उचलली आणि रिकाम्या घमेल्यात हळूहळू ओतायला लागले. त्या आवाजानं काम झालं.

मामांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि ती दोन्ही हातांत धरून, काही सांडू न देता, ओसरीवर नेली. डॉक्टरांनी नळी तापवली. सगळं गाव मान उंच करून बघत होतं. निळी! डॉक्टरांनी ती वर धरून चारी बाजूंना दाखवली, टाळ्या पडल्या, डफडं वाजायला लागलं, आणि मुहूर्त टळायला चार मिनिटं उरली असताना शकूच्या ओटीत साखर पडली. त्यातली पहिली चिमूट डॉक्टरांनी मागून घेतली. मग राखेनं घासलेल्या बाटल्यांतून गावाची पुन्हा तपासणी झाली आणि संध्याकाळपर्यंत दोघं सोडून सगळं गाव बरं झालं. त्या दोघांना साखर खरीच निघाली, त्यांना डॉक्टरांनी सांगलीला नेऊन नीट औषध चालू केलं. म्हणजे माझं काम अगदीच वाया गेलं नाही.

शकूचं लग्न झालं, विलासराव सुभेदार होऊन निवृत्त झाले, मामा गेले. तासगावकडं कधी काही कार्य निघालं की नव्या सुना-जावयांना माझी ओळख करून द्यायचं काम शकू अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ती म्हणते, “भाऊ बहिणीला साडी देत्यात, दागिना देत्यात. पन आमच्या दादानं माझ्यासाठी जे दिलं, ते अजून कुठल्याच भावानं दिलं नसंल.” मग सगळी गोष्ट पहिल्यापासून होते, शीळ आणि कळशीसकट. मला ओशाळं होतं आणि मी उठून बाहेर जायला लागतो.

तेवढ्यात शकूच्या मुला-सुनांपैकी कुणीतरी मला हमखास विचारतं, “मामा, सोबत येऊ का?”